सालाखालचे साल: चांदीचे डॉलर, कलदार आणि हाली यांच्या ठशांची ओळख

चांदीच्या जुन्या नाण्यावरच्या सालाखाली कधी कधी आणखी एक साल दडलेले असते. मुंबईच्या टाकसाळीत १९११ साली पडलेल्या काही डॉलरांवर शेवटच्या दोन आकड्यांच्या मागे दोन शून्यांचे अवशेष राहिले आहेत. ठसा १९०० सालचा होता, त्याच्यावरच ११ ठोकून तो पुन्हा कामाला लावला. अशा नाण्याला संग्राहक ‘ओव्हरडेट’ म्हणतात आणि ते १९११/०० असे लिहितात. तिरक्या रेघेच्या आधी वरचे, म्हणजे वाचले जाणारे साल. नंतर खाली उरलेले. एकाच सालच्या, एकाच किमतीच्या नाण्यांत ठशामुळे पडलेल्या कोणत्याही फरकाला ‘डाय व्हरायटी’ हे नाव आहे. ओव्हरडेट ही त्यातली सर्वांत बोलकी जात.

डॉलर म्हटले की अमेरिका आठवते. पण हा डॉलर फोर्टातल्या टाकसाळीत पडत होता. हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याच्या घरांत तो सापडण्याचा संभव फार थोडा. तिथल्या डब्यांत, गाठोड्यांत आणि माळांत असतात ते इंग्रजांचे कलदार आणि निजामाचे हाली रुपये. तरीही विषयाची सुरुवात डॉलरापासून करणे सोयीचे आहे. नाणे मोठे, आकडे मोठे, आणि खालचे साल भिंगाशिवायही जाणवेल इतके ठळक. डॉलरवर डोळा तयार झाला की रुपयावर तो चालतो.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की व्हरायटी ठशाची असते, नाण्याची नव्हे. एका ठशातून हजारो नाणी पडतात. ठशात जे आहे ते त्या साऱ्यांवर उतरते. म्हणून एकाच नाण्यावर दिसलेली खूण, तिच्या जोडीचे दुसरे नाणे समोर येईपर्यंत, नुसती शंका म्हणून वहीत लिहावी.

ठसा तयार होण्याची रीत समजली की खुणांचा अर्थ आपोआप लागतो. कारागिराने कोरलेल्या मूळ चित्रावरून पोलादाचा एक उठावाचा नमुना काढतात. तो नमुना मऊ केलेल्या पोलादी गट्टूवर दाबला की कामाचा ठसा मिळतो. नमुना उठावाचा, ठसा खोलगट, नाणे पुन्हा उठावाचे, अशी ही पालटापालट आहे. जुन्या काळी एका दाबात चित्र पुरते उतरत नसे. गट्टू पुन्हा तापवून, थंड करून दुसऱ्यांदा दाबावा लागे. त्या दुसऱ्या खेपेला नमुना केसभर सरकला तर अक्षरे दुहेरी उमटत, आणि त्या ठशाचे प्रत्येक नाणे ती दुहेरी अक्षरे घेऊन बाहेर पडे. याला ‘डबल्ड डाय’ म्हणतात.

सालाचे तसे नव्हते. नमुना वर्षानुवर्षे टिकावा म्हणून त्यात पुरते साल नसे. सगळे आकडे, किंवा शेवटचे एकदोन, प्रत्येक ठशावर पंच ठेवून हातोडीने ठोकले जात. पंच वाकडा बसला, फटका उथळ पडला की कामगार तोच आकडा पुन्हा ठोकी. मग सातवर सात, आठवर आठ असा दुहेरी आकडा दिसे. हे ओव्हरडेट नव्हे. खालचा आकडा वेगळा असेल तरच ओव्हरडेट म्हणायचे.

आणि खालचा आकडा वेगळा का असावा? कारण साधे आहे. वर्ष संपले, ठसे उरले. चांगले पोलाद आणि कारागिराचे दिवस फुकट कोण घालवणार? जुना आकडा शक्य तितका घासून त्यावर नवा ठोकायचा आणि ठसा यंत्रावर चढवायचा. घासणे पुरते झाले नाही की जुन्या आकड्याची एखादी दांडी, एखादी कमान मागे राही. यात चूक अशी कोणाचीच नाही. संग्राहकांच्या भाषेत या नाण्यांना सर्रास ‘चुकीची नाणी’ म्हणतात, ते बरोबर नाही. ती काटकसरीची नाणी आहेत.

आता ओळखण्याचा मुख्य नियम. ठशात खोल गेलेले सगळे नाण्यावर उठून दिसते. म्हणून खालच्या सालाचे अवशेष नाण्याच्या पृष्ठभागाच्या वर असले पाहिजेत. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ येते. ठसा घासताना पडलेले ओरखडे नाण्यावर बारीक उंच रेघा होऊन उतरतात. उलट नाणे टाकसाळीतून बाहेर पडल्यावर त्याला जे झाले ते बहुधा खोल जाते. ओरखडा, टोचा, सराफाचा शिक्का, सगळे खाली दबलेले. भिंगाखाली रेघ उंच की खोल, एवढे ठरले की निम्म्या शंका तिथेच संपतात.

या नियमाला एक अपवाद मुद्दाम सांगावा लागतो. काही नाण्यांवर कारागिराची किंवा टाकसाळीची अक्षरे जाणूनबुजून खोल ठेवलेली असतात. १८३५ च्या विल्यम राजाच्या रुपयावर मानेच्या कापावर ‘एफ’ हे अक्षर काही नाण्यांत खोल, काहींत उंच आहे. खोल अक्षरासाठी ठशात ते उंच असावे लागते, आणि ठशात उंच अक्षर पंचाने ठोकून येत नाही. ते आधीच्या नमुन्यातच बसवावे लागते. त्यामुळे खोल ‘एफ’ आणि उंच ‘एफ’ हा फरक एका ठशाचा नसून ठशांच्या अख्ख्या कुळाचा आहे.

नवशिक्याला सर्वांत जास्त फसवते ती यंत्राची थरथर. ठोका पडल्यावर ठसा वर उचलला जाताना जरासा घसरला तर ताज्या अक्षरांच्या कडा चेपल्या जातात आणि बाजूला एक सपाट, चकचकीत पायरी तयार होते. दिसायला अक्षर दुहेरी वाटते. पण खऱ्या दुहेरी ठशात दुसरे अक्षर गोलसर, पुऱ्या उंचीचे असते आणि टोकांशी फट दिसते. थरथरीत अक्षर उलट बारीक होते, कारण त्याचाच भाग चेपून पायरी झालेली असते. अशा नाण्याला नेहमीच्या नाण्याहून एक पैसाही जास्त देऊ नये.

मुंबईच्या डॉलरची गोष्ट १८९३ पासून सुरू होते. त्या वर्षी २६ जून रोजी हिंदुस्थानातल्या टाकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीला बंद झाल्या. तोवर कोणीही चांदी आणून तिचे रुपये पाडून नेऊ शके. तिकडे हाँगकाँग आणि मलायाच्या बंदरांत व्यापाराला मोठ्या चांदीच्या नाण्याची टंचाई होती, कारण तिथला व्यवहार मेक्सिकोच्या डॉलरवर चालत असे आणि तो पुरेसा मिळत नव्हता. २ फेब्रुवारी १८९५ च्या राजाज्ञेने ‘ब्रिटिश ट्रेड डॉलर’ सुरू झाला. वजन २६.९६ ग्रॅम, चांदी नव्वद टक्के, व्यास सुमारे ३९ मिलिमीटर. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया, मागे शिडाचे जहाज, खाली साल. दुसऱ्या बाजूला मधोमध दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह, आणि चिनी व जावी लिपीत एक डॉलर ही किंमत. ज्या देशात तो पडला तिथली एकही देशी भाषा त्याच्यावर नाही.

टाकसाळीची खूण शोधायला नजर बारीक लागते. मुंबईचे ‘बी’ त्रिशुळाच्या मधल्या सुळ्यावर आहे, झिजलेल्या नाण्यात ते सर्वांत आधी नाहीसे होते. कलकत्त्याचे ‘सी’ ब्रिटानियाचे पाऊल आणि ढाल यांच्यामधल्या जमिनीवर. १९२५ आणि १९३० साली लंडनला पडलेल्या डॉलरांवर खूणच नाही. म्हणजे खूण दिसत नाही याचा अर्थ लंडन की झीज, हे साल आणि त्रिशुळाची झीज दोन्ही पाहून ठरवायचे.

ओव्हरडेटच्या दृष्टीने ही मालिका म्हणजे पर्वणीच आहे. १८९७/६, १९०१/०, १९०३/२, १९०८/७, १९०९/८ ही आदल्या वर्षाचा ठसा पुढच्या वर्षी वापरल्याची साधी उदाहरणे. १९०८ मध्ये इंग्रजी आठच्या वरच्या वळणात सातची आडवी दांडी शोधायची. १९०९ मध्ये नऊच्या खालच्या मोकळ्या जागेत आठच्या खालच्या गोलाचा तुकडा. १९०१ मध्ये शेवटच्या एकच्या दोन्ही अंगांना शून्याच्या कमानी. याहून मजेदार आहे १९०४/८९८. इथे एक आकडा बदलून भागले नाही. १८९८ मधला फक्त पहिला एक कायम राहिला आणि पुढचे तिन्ही आकडे नव्याने ठोकले. सहा वर्षे तो ठसा कुठल्यातरी फडताळात पडून होता, ही गोष्ट कोणत्याही दप्तराशिवाय नाणेच सांगते. तशीच १९२९/१ ची. १९२१ साली मुंबईत जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास डॉलर पडले. काम थोडे म्हणून ठसे उरले, आणि आठ वर्षांनी मागणी आली तेव्हा एकावर नऊ चढला. १९२१ चा डॉलर आज अतिशय दुर्मीळ आहे. त्याचा ठसा मात्र १९२९ च्या पोटात जिवंत राहिला.

हे डॉलर चिनी बाजारातून फिरले असतील तर त्यांच्यावर सराफांचे छोटे शिक्के सापडतात. चांदी तपासली, मान्य केली, याची ती खूण. हे शिक्के खोल असतात, सालावर पडले तर आकड्यांचा आकार बिघडवतात आणि अननुभवी माणसाला तिथे ओव्हरडेटचा भास होतो. आपल्याकडच्या जुन्या हातठोक रुपयांवरही सराफांचे असेच टोचे सापडतात. नियम तोच: खोल ते नंतरचे.

अमेरिकेच्या डॉलरवर याच पद्धतीने फार मोठे काम झाले आहे. १८७८ ते १९२१ या काळातल्या मॉर्गन डॉलरच्या ठशांची लेरॉय व्हॅन अ‍ॅलन आणि जॉर्ज मॅलिस यांनी यादी केली. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्या व्हरायटींना ‘व्हॅम’ क्रमांक म्हणतात. पहिल्याच वर्षी गरुडाच्या शेपटीला आठ पिसे होती, ती सात करायचे ठरले आणि आठ पिसांच्या तयार ठशांवरच सात पिसे दाबली गेली. त्या नाण्यांत सातांच्या खालून जुन्या पिसांची टोके डोकावतात. १८८०/७९ आणि १८८७/६ ही तिथली नावाजलेली ओव्हरडेट. १९०० च्या न्यू ऑर्लिन्सच्या काही डॉलरांवर ‘ओ’ खाली ‘सीसी’ दिसते. बंद पडलेल्या कार्सन सिटी टाकसाळीचे ठसे तिथे कामाला आले, हा त्याचा अर्थ. साल तेच, खूण बदललेली, म्हणून याला ओव्हरडेट न म्हणता खुणेवर खूण म्हणायचे.

त्या अमेरिकी डॉलरांचा आपल्या मुलखाशी संबंध मात्र खरा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांचा इतका तुटवडा पडला की १९१७ च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोक नोटा घेऊन रुपये मागत होते. १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने सत्तावीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतल्या जवळपास सव्वीस कोटींची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. १९१८ सालचे रुपये मुंबई आणि कलकत्ता मिळून चाळीस कोटींच्या वर पडले. कोणत्या सालचे, कोणत्या ठशाचे डॉलर भट्टीत गेले याची नोंद झालीच नाही. वऱ्हाड-मराठवाड्याच्या गाठोड्यांत १९१८ ते १९२० चे पंचम जॉर्जचे रुपये भरपूर सापडतात. त्यांतल्या कित्येकांची चांदी आधी मॉर्गन डॉलर होती. कोणत्याही भिंगाने ते दिसणार नाही, एवढेच.

आता डॉलरकडून कलदार आणि हालीकडे. कनेरगाव नाका हिंगोली–वाशीम रस्त्यावर, मराठवाडा आणि वऱ्हाडाच्या शिवेवर आहे. पूर्णा–अकोला लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. तेव्हापासून अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजी अंमल, आणि मधली शीव ओलांडताना माल करोडगिरीच्या जकातीत, तर पैसा बट्ट्यात अडके. पलीकडचा रुपया कलदार. ‘कल’ म्हणजे यंत्र, यंत्रावर पडलेला तो कलदार. अलीकडचा रुपया हाली सिक्का, म्हणजे चालू नाणे. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा भाव पक्का झालेला होता. सोप्या हिशेबाने सहा कलदारांना सात हाली.

हा भाव कोणी मनाने ठरवलेला नाही. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी शेकडा ९१.७, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी शेकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी ९.१५ ग्रॅम. भागाकार १.१७ च्या जवळ येतो, सातला सहाने भागले तरी तेवढाच. नाणे ओळखण्याच्या विषयात वजनाचा काटा भिंगाच्या आधी का ठेवायचा, ते यावरून कळावे. अर्थात उतरत्या काळात दोन्ही नाण्यांतली चांदी घटली. १९४० पासून कलदारात निम्मीच चांदी राहिली, आणि लवकरच हालीचीही तीच गत झाली.

कलदारात ओव्हरडेट शोधायला निघणाऱ्याची पहिली निराशा अशी, की जुन्या रुपयांवर सालच बदलत नव्हते. १८३५ चा रुपया १८४० पर्यंत त्याच सालाने पडत राहिला, १८४० चा १८६२ पर्यंत आणि १८६२ चा १८७४ पर्यंत. साल बदलायचेच नाही तर सालावर साल कुठून येणार? इथे व्हरायटी दुसरीकडे शोधायची. १८३५ च्या रुपयावर मानेखाली ‘एफ’ आहे, ‘आरएस’ आहे की काहीच नाही, ते पाहायचे. १८४० च्या रुपयात आधी राणीचे नाव डोक्यावरून सलग फिरते. नंतरच्या ठशांत ‘व्हिक्टोरिया’ डावीकडे आणि ‘क्वीन’ उजवीकडे असे दुभंगते. मानेवर विल्यम वायन या कारागिराची ‘डब्ल्यू डब्ल्यू’ ही अक्षरे कधी पुढे आणखी एक अक्षर घेऊन, कधी नुसतीच येतात. मागच्या बाजूच्या पानमाळेतली फळे मोजायची: १९, २०, २८, ३४, ३५ असे वेगवेगळे हिशेब लागतात. मोजताना टाचणीचे टोक लावून एका दिशेने जावे. नुसत्या डोळ्याने मोजलेली संख्या दुसऱ्यांदा हमखास वेगळी येते.

१८६२ चा रुपया याहून चतुर. साल गोठलेले असले तरी मुंबईच्या टाकसाळीला खरे वर्ष लपवून का होईना नोंदवायचे होते. म्हणून मागच्या बाजूला वर ‘वन’ शब्दाच्या माथ्यावर आणि खाली सालाच्या तळाशी बारीक ठिपके घातले. ठिपक्यांच्या वर-खालच्या संख्येवरून वर्षाचा अंदाज बांधतात. एखाद्या घरात १८६२ चे वीस रुपये निघाले तर ते एका वर्षाचे समजू नयेत. ठिपके तपासून त्यांच्या वेगळ्या राशी कराव्यात. झीज झालेल्या रुपयात सालाखालचा ठिपका कडेच्या मण्यांत मिसळून जातो, त्याची भीती धरावी.

१८७४ नंतर दरवर्षी साल बदलू लागले, १८७७ पासून राणीची ‘एम्प्रेस’ झाली, आणि मागच्या बाजूला खालच्या फुलात मुंबईचे ‘बी’ कधी उंच, कधी खोल दिसू लागले. पंचम जॉर्जच्या रुपयांवर मुंबईची खूण म्हणजे खालच्या कमळाखालचा एक उंच ठिपका. कलकत्त्याला खूणच नाही. १९११ च्या रुपयाचा किस्सा प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. सुमारे ९४ लाख रुपये पडले होते, त्यांतले सातएक लाख बाहेर गेले, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. पण ही व्हरायटी नव्हे, नमुनाच बदलला. षष्ठ जॉर्जच्या १९४५ च्या रुपयावर पाचाचा आकडा लहान आणि मोठा अशा दोन मापांचा सापडतो. तो पंचाचा फरक, म्हणून तो खरोखर व्हरायटीत बसतो.

हालीची अडचण वेगळी आहे. १९०३ मध्ये सैफाबादची नवी टाकसाळ चालू होण्याआधीचे जुने हाली रुपये बहुतेक हातठोक, प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, आणि ठसा चकतीपेक्षा मोठा. निम्मे साल चकतीच्या बाहेर पडलेले असते. तिथे दोन ठसे सारखे मिळतील हीच अपेक्षा चुकीची, म्हणून व्हरायटी हा शब्दही तिथे वापरू नये. चारमिनारचे चित्र असलेले यंत्रावरचे रुपये आले तेव्हा हा विषय हालीला लागू झाला. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर चारमिनारच्या दारात ‘मीम’ हे अक्षर आहे, मीर उस्मान अली खान यांच्यावर ‘ऐन’. उस्मान अली गादीवर आले १९११ च्या ऑगस्टअखेर, हिजरी १३२९ च्या रमजानमध्ये. त्यांच्या पहिल्या वर्षीच्या काही नाण्यांत ऐन अर्धा कोरलेला आहे, पुढे तो पुरता झाला. चारमिनार आहे एवढ्यावर न थांबता दार तपासावे.

हालीवर दोन साले असतात: एका बाजूला हिजरी, दुसऱ्या बाजूला राज्यारोहणापासूनचे जुलूस वर्ष. ही दोन्ही एकाच दिवशी बदलत नाहीत. म्हणून एका हिजरी सालाला दोन जुलूस वर्षे मिळतात. त्यात चूक शोधू नये, तो पंचांगाचा खेळ आहे. पहिल्या जुलूस वर्षाची नाणी हिजरी १३२९ आणि १३३० अशा दोन्ही सालांची असणे यामुळेच स्वाभाविक आहे.

हालीवरचे आकडे फारसी वळणाचे आहेत आणि दोन ठिकाणी घात करतात. तिथले शून्य म्हणजे नुसता ठिपका. ठशाच्या त्या बारीक खळगीत तेल-घाण भरली की ठिपका उमटत नाही आणि १३३० चे १३३ होते. दुसरे, दोन आणि तीन यांत फरक एका दात्याचा. ठशातला तो दाता बुजला की तीनचे दोन दिसते. त्यामुळे हालीवर अनपेक्षित साल वाचले गेले तर आधी दुसऱ्या बाजूचे जुलूस वर्ष जुळते का ते पाहावे. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळते. एक आकडा दुसऱ्याखाली खरोखर उंच उभा असेल तेव्हाच ओव्हरडेटचा विचार करावा.

कनेरगावच्या परिसरातली पुष्कळ नाणी अंगावर वागवलेली आहेत. रुपयाला कडी डाखलेली, पावलीला भोक पाडलेले, बंजारा तांड्यावरच्या कांचळीला नाणी टाचलेली. डाख लावताना चांदी वितळून कडेची अक्षरे बुजतात. कडी काढली तरी उंच गुठळी राहते आणि ती सालाजवळ असली तर खालच्या आकड्याचा भास हुबेहूब होतो. इथे ‘उंच ते ठशाचे’ हा नियमही फसतो, म्हणून कडा आधी तपासावी. गुठळीचा रंग आणि पोत आजूबाजूच्या चांदीपासून वेगळा असतो. चिंच, राख किंवा पेस्ट लावून घासलेल्या नाण्यावरून मात्र काहीच सांगता येत नाही. मुख्य आकड्याबरोबर खालचा पुसट आकडाही निघून जातो. चांदीचा काळेपणा हा मळ नव्हे, आणि साल वाचण्याच्या कामात तो मदतच करतो, कारण खोलगट भागात तो दाट बसतो.

पाहण्याची पद्धत फार साधी आहे. दहा पटींचे भिंग, एकच दिवा, तोही एका बाजूला खाली धरलेला. नाणे कडेने धरून हळूहळू फिरवावे. एका कोनात दिसलेला आकडा दुसऱ्या कोनात गायब झाला तर ती सावली. सगळ्या कोनांतून तो जागेवर राहिला तर पुढे जावे. साल तपासण्यापूर्वी त्या वर्षाच्या नेहमीच्या नाण्याचा स्वच्छ फोटो शेजारी ठेवावा, कारण आकड्याची नेहमीची ठेवण माहीत नसेल तर त्यातला बदलही दिसत नाही.

बनावट नाण्यांबद्दल थोडक्यात. चिनी बनावटीचे हलके ट्रेड डॉलर बाजारात पुष्कळ आहेत. वजन, व्यास आणि कडेचे दाते या तिन्हींत ते क्वचितच पास होतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेला जोडाची रेघ असते. वाजवून घेण्याची जुनी रीत चांगली, पण एकटी पुरेशी नाही. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे. असे दुर्मीळ साल पुढे आले की शेवटचा आकडा नंतर कोरलेला नाही ना, हे भिंगाखाली पाहावे. कोरलेल्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली, किंचित खोल असते.

जमिनीतून निघालेल्या नाण्यांची वाट वेगळी आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तो परस्पर विकणे गुन्हा आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नाण्यांना ही अडचण नाही.

ती नाणी बहुतेक वेळा लग्नसराईत मोडीत जातात. सराफ त्यांना वजनाने घेतो, आणि वजनाच्या हिशेबात १८६२ च्या ठिपक्यांना किंवा अर्ध्या ऐनाला जागा नसते. हाली सिक्का १९५९ मध्ये चलनातून गेला, म्हणजे त्याने बाजार केलेली माणसे आता थोडीच उरली. म्हणून माळ किंवा गाठोडे दुकानात नेण्याआधी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा, कडेचा आणि सालाचा जवळून एक फोटो काढावा, दशांश ग्रॅमपर्यंत वजन करावे, आणि नाणे घरात कोणाकडून आले ते त्याच्यापुढे लिहून ठेवावे. न घासता.